सीआरएम ठेवायचं की बदलायचं: तपासणी कुठून सुरू करू?

वजनकाटा:
आमची कंपनी औद्योगिक वजनकाटे विकते आणि त्यांची वार्षिक देखभालही करते. सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या आणि विक्रीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, घेऊन बरीच वर्षं झाली. आता लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर आलंय आणि साहेबांचा एका ओळीचा मेल आलाय: "मूल्यमापन करून सांगा, ठेवायचं की बदलायचं."

व्हेंडरने न मागताच एक 'हेल्थ रिपोर्ट' पाठवला. लॉगिन भरघोस, सगळे रकाने हिरवेगार. पण सोमवारच्या विक्री बैठकीत प्रत्येक विभागप्रमुख आपापली एक्सेल उघडतो. 'स्पर्धक कोण' या सक्तीच्या फील्डमध्ये जिकडे तिकडे नुसतं टिंब. एकच कारखाना तीन नावांनी नोंदलेला. ग्राहकाची तक्रार पडून आहे हे विक्रीवाल्याला ग्राहकाच्याच तोंडून कळतं.

मी मूळची लेखा विभागातली, सीआरएममधलं मला फारसं कळत नाही. एका सल्लागाराची चेकलिस्ट मिळाली, पण ती वाचूनच दमले. सुरुवात कुठून करू?

जुना_अॅडमिन:
लेखा विभागातल्या आहात हे उत्तमच. चेकलिस्ट मिटा आणि बिलांचं रजिस्टर उघडा.

मागच्या पूर्ण तिमाहीतलं प्रत्येक मोठं बिल घ्या आणि त्याची डील, म्हणजे त्या संभाव्य विक्रीची नोंद, सीआरएममध्ये शोधा. आहे का? रक्कम जुळते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती तयार कधी झाली? ऑर्डर हातात आल्यावर त्याच आठवड्यात तयार झालेली डील म्हणजे काम उरकल्यावर केलेली नोंद. तिच्यावरून पुढचा अंदाज कोणी बांधू शकत नाही. मग उलटं करा: 'जिंकली' म्हणून बंद केलेल्या, पण ज्यांचं बिलच नाही अशा डील काढा. लॉगिनच्या आकड्यावर जाऊ नका. सीआरएम भरल्याशिवाय प्रवासभत्ता निघत नसेल तर लॉगिन होणारच.

त्यानंतर उघड्या डील. क्लोज डेट (विक्री पक्की होण्याची अपेक्षित तारीख) उलटून गेली तरी उघड्याच असलेल्या किती, आणि तारीख कितीदा पुढे ढकलली? यासाठी बदलांचा इतिहास लागतो. तुमचं सीआरएम सेल्सफोर्स असेल तर फील्ड हिस्टरी ट्रॅकिंग (कोणत्या फील्डमध्ये काय बदललं याची नोंद) आधी चालू करावं लागतं, एका ऑब्जेक्टवर, म्हणजे डील किंवा ग्राहक अशा एका नोंदप्रकारावर, साधारण २० फील्डपर्यंत, आणि चालू करण्यापूर्वीचे बदल त्यात मिळत नाहीत. बंद असेल तर आजच स्टेज (डील कोणत्या टप्प्यावर आहे), रक्कम, क्लोज डेट आणि मालक (डील कोणाच्या नावावर आहे) या चारांवर चालू करून घ्या. बाकीचं नंतर.

आणि सोमवारच्या त्या एक्सेल मागून घ्या. दटावून नको, गोडीने. सीआरएममध्ये नसलेला कोणता रकाना त्यांत आहे ते बघा. लोक एक्सेल हौसेने ठेवत नाहीत.

'बदलायचं का' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. एकेकाळी सीआरएममध्ये सीबेल या कंपनीचा दबदबा होता, १९९९ मध्ये ब्राउझरवर चालणारं सेल्सफोर्स आलं, २००६ मध्ये ऑरेकलने सीबेल गिळलं. या सगळ्या उलाढालीत सोमवारची एक्सेल मात्र जागची हलली नाही.

फिरतीवरचा:
ते टिंब टाकणाऱ्या जमातीतला मी. पहिल्या भेटीत कोणता ग्राहक सांगतो हो, की तुमच्याशिवाय आणखी कोणाचं कोटेशन मागवलंय? पण फील्ड भरल्याशिवाय नोंद सेव्ह होत नाही, मग टिंब! डील हरल्यावर विचारा, तेव्हा नाव-गाव-किंमत सगळं सांगतो. सांगायला उत्सुकच असतो.

स्टेजचंही बघा. 'वाटाघाटी' म्हणजे माझ्या लेखी कोटेशन गेलं. माझ्या साहेबांच्या लेखी भाव ठरला. दोघेही प्रामाणिक, आकडे मात्र वेगळे. स्टेज ग्राहकाने काय केलं त्यावरून ठरवा: चाचणी मागितली, अटींचा मसुदा परत पाठवला, असं काहीतरी. मला 'वाटलं' त्यावरून नको.

आणि आम्हाला काय मिळतं? गेटवर उभं असताना फोनवर एवढंच दिसू दे: कोणती तक्रार उघडी आहे, कोणतं बिल थकलंय, देखभालीचा करार कधी संपतोय. एवढं मिळालं तर भेटीची नोंद गाडीत बसूनच टाकेन. सध्या मी भरतो ते फक्त वर जातं, खाली काहीच येत नाही. सर्व्हे फॉर्म पाठवू नका, एक दिवस आमच्यापैकी कोणाबरोबर तरी फिरा.

नोंदवही:
फक्त तीन नावांच्या कारखान्याबद्दल. एकत्र करण्याची घाई नको. एकाच समूहाचे दोन प्लांट हे डुप्लिकेट नव्हेत. त्यांना मूळ कंपनीखाली जोडायचं असतं. नावावरून जुळवू नका, कर नोंदणी क्रमांक किंवा ईमेल डोमेन घ्या. फोनवरून जुळवायचं असेल तर आधी सगळे नंबर ई.१६४ पद्धतीत आणा, म्हणजे अधिकचं चिन्ह, देशाचा कोड आणि पुढे नंबर, सगळे मिळून जास्तीत जास्त १५ अंक. नाहीतर शून्य लावलेला आणि न लावलेला नंबर दोन माणसं ठरतात. रिसेप्शनचा नंबर दहा जणांच्या नावे असतो, हेही आलंच.

मर्ज (एकत्र) करण्यापूर्वी एक्सपोर्ट, म्हणजे नोंदींची प्रत, काढून ठेवा. सेल्सफोर्समध्ये एका वेळी तीनपर्यंत नोंदी मर्ज होतात, पण परतीचं बटण नाही. युरोपात ग्राहक असतील तर आणखी एक: जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू आहे. कोणी माहिती पुसायला सांगितली आणि तुम्ही तीनपैकी एकच नोंद पुसलीत, तर पुसली असं म्हणता येत नाही.

नवी डुप्लिकेट कुठून येतात तेही शोधा. बहुतेकदा प्रदर्शनातल्या याद्या घाऊक चढवल्या जातात तिथून.

वजनकाटा:
बिलांची जुळणी केली. निम्म्याहून जास्त डील ऑर्डरच्याच आठवड्यात जन्मलेल्या! देखभाल करारांच्या नूतनीकरणाच्या डीलच नाहीत, कारण त्यांना बसेल अशी स्टेजच नाही.

एक्सेलचं मात्र नवल वाटलं. तिन्ही विभागप्रमुखांच्या फायलींत एक रकाना सारखा: काट्याच्या पुढच्या कॅलिब्रेशनची (काटा अचूक वजन दाखवतो का या तपासणीची) तारीख. ती जवळ आली की फोन करायचा, त्यातून जुना काटा बदलायचा विषय काढायचा. खरी विक्री तिथून होते. ही तारीख सर्व्हिसच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तिथून हाताने उतरवून घेतली जाते. आता साहेबांना काय सांगू?

जुना_अॅडमिन:
मिळालं की उत्तर. ती तारीख सर्व्हिसकडून सीआरएममध्ये आपोआप येऊ द्या, एकाच दिशेने. सीआरएममध्ये ती कोणाला बदलता येऊ नये. तिच्यावरून विक्रीवाल्याला आठवण जावी आणि उघडी तक्रारही त्याच पानावर दिसावी. देखभाल नूतनीकरणाला स्वतंत्र पाइपलाइन (स्टेजची वेगळी साखळी) द्या, नव्या विक्रीच्या स्टेज तिला लावू नका. कोणताही रिपोर्ट किंवा ऑटोमेशन न वापरणारी फील्ड आधी लपवा. लगेच डिलीट करू नका, एखादी जोडणी त्यावर चालत असते आणि ती तुटल्यावरच कळते.

साहेबांना सांगा: एकाच वर्षाचं नूतनीकरण, बहुवार्षिक करार नको. जे फक्त रिपोर्ट बघतात त्यांची पूर्ण लायसन्स कमी करता येतात का ते विचारा. आणि सही होण्याआधी सगळा डेटा एकदा प्रत्यक्ष बाहेर काढून बघा, अटॅचमेंट आणि कॉलच्या नोंदींसकट. 'एक्सपोर्टची सोय आहे' असं करारात लिहिलेलं असतं, पण हातात नुसती नावं-पत्त्यांची फाइल आली तर पुढच्या वर्षी बदलायचं ठरवूनही तुम्ही तिथेच अडकाल.