स्टिम्युलेटरच्या ट्रायलमध्ये '५० टक्के आराम' खरा की वरवरचा, हे ओळखायचं कसं?

कंबर_ते_टाच (प्रश्न)

कमरेची दोन ऑपरेशनं होऊनही (एल४-५ आणि एल५-एस१, म्हणजे कमरेच्या सर्वांत खालच्या दोन फटी) उजव्या पायातली आग आणि ठणका गेलेला नाही, अशा रुग्णासाठी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशनची (मज्जारज्जूजवळ लीड, म्हणजे बारीक तार, ठेवून सौम्य करंटने दुखणं कमी करण्याची) ट्रायल ठरते आहे, म्हणजे कायमचं यंत्र बसवण्याआधी तात्पुरती लीड ठेवून गुण येतो का ते पाहायचं. प्रेगाबालिन आणि ड्युलॉक्सेटिन (मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं), नर्व्ह रूट ब्लॉक (मज्जातंतूच्या मुळाशी इंजेक्शन), फिजिओथेरपी सगळं करून झालं. नव्या एमआरआयमध्ये पुन्हा उघडण्याजोगा दाब नाही. मधुमेह आहे. हृदयात स्टेंट असल्याने क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तात्पुरती लीड किती दिवस ठेवावी? 'अर्धं दुखणं कमी झालं' हे रुग्णाच्या एका तोंडी उत्तरावर मानायचं का? इतक्या वर्षांच्या त्रासानंतर माणूस आशेनेच 'बरंय' म्हणतो, आणि त्या एका शब्दावर कायमचं यंत्र बसतं. आणि गुण आला नाही तर लीड सरकली म्हणून, की उपचारच लागू पडत नाही म्हणून, हा फरक कसा करायचा?

---

सीआर्म_आणि_सुई

आधी क्लोपिडोग्रेल, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ही प्रक्रिया रक्तस्रावाच्या दृष्टीने जास्त जोखमीच्या गटात धरतात. गोळी साधारण ७ दिवस आधी थांबवावी लागते आणि लीड अंगात असेपर्यंत सुरू करता येत नाही. लीड काढतानाही एपिड्युरल जागेत (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, जिथे लीड बसते) रक्त साचू शकतं, त्यामुळे काढल्यावरही साधारण एक दिवस थांबायचं. म्हणजे आधीचे ७ आणि ट्रायलचे ५ ते ७ मिळून दोन आठवडे गोळीशिवाय जातात. हृदयरोगतज्ज्ञांना 'आठवडाभर थांबवू का' असं विचारू नका, 'दोन आठवडे' असंच विचारा. स्टेंट अलीकडचा असेल तर ट्रायल पुढे ढकला. दुखण्याने जीव जात नाही, बंद पडलेल्या स्टेंटने जातो.

दुसरं म्हणजे छातीच्या मणक्यांचा एमआरआय. बहुतेकांच्या फायलीत फक्त कमरेचा असतो, पण लीडचं टोक जातं टी८-टी९ला, म्हणजे छातीच्या आठव्या-नवव्या मणक्याशी. तिथे आधीच मज्जारज्जूचा कालवा अरुंद असेल तर लीडमुळे मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. हा एमआरआय पाहिल्याशिवाय सुई उचलू नये.

प्रत्यक्ष टाकताना: रुग्ण पालथा, पोटाखाली उशी, गुंगी हलकीच. त्याला बोलता आलं पाहिजे. सेफाझोलिन (प्रतिजैविक) २ ग्रॅम, त्वचेला छेद देण्याआधीच्या तासाभरात. १४ गेजची टुओही सुई (टोकाला वाकलेली जाड सुई), मध्यरेषेच्या थोडी बाजूने, टी१२-एल१ किंवा एल१-२च्या फटीत. त्वचेतली जागा एक-दोन मणके खाली घ्या, म्हणजे सुई ३० ते ४५ अंशात आडवी राहते. सुई उभी गेली की लीड एपिड्युरल जागेत वळतच नाही आणि जोर लावावा लागतो. ड्युरा (मज्जारज्जूचं आवरण) फाटतो तो अशाच वेळी. तुमच्या रुग्णाची ऑपरेशनं एल४च्या खाली आहेत, त्यामुळे वरची फट कोरी असेल. व्रण असलेल्या फटीतून जाण्याचा हट्ट कोणीच करू नये.

लीड वर सरकवताना सी-आर्मवर (तिथल्या तिथे एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) फक्त समोरून पाहून चालत नाही. समोरून सुंदर मध्यरेषेत दिसणारी लीड बाजूने घेतलेल्या चित्रात मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूला गेलेली निघते. मग करंट दिला की पायाचे स्नायू उडतात आणि दुखण्याच्या जागी काहीच जाणवत नाही. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं तर लीड बाजूला, मज्जातंतूच्या मुळाजवळ आहे.

नेहमीच्या पद्धतीत ४० ते ६० हर्ट्झ, पल्स २०० ते ४५० मायक्रोसेकंद ठेवून करंट हळूहळू वाढवा आणि मुंग्या कुठे येतात ते रुग्णालाच विचारा. कमरेसाठी टोक टी८च्या आसपास लागतं, पायासाठी त्याखाली, पावलासाठी आणखी खाली. १० किलोहर्ट्झ वापरणार असाल तर मुंग्या येतच नाहीत. तिथे लीड शरीररचनेवरच बसवतात, टी९-१०ची चकती झाकली जाईल अशी.

---

चालण्याची_नोंद

मी फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. ५० टक्के हा आकडा वाईट नाही, तो कशाच्या ५० टक्के हे कोणी लिहून ठेवत नाही ही अडचण आहे. ट्रायलच्या दिवशी सकाळी विचारलेला '८' हा आधार धरू नका. त्या दिवशी भीती असते, औषधं चुकलेली असतात. आधीचे ७ दिवस रोज तीन वेळा ० ते १० मधला आकडा लिहून घ्या. पायाचा वेगळा, कमरेचा वेगळा. पायाचा ७ वरून ३ आणि कमरेचा ७ वरून ६ आला तर 'सरासरी' काढून दोन्ही माहिती पुसू नका.

आकड्याच्या शेजारी काम लिहा: किती मिनिटं बसता आलं, ६ मिनिटांत किती मीटर चालणं झालं, रात्री किती वेळा जाग आली, जादा गोळी किती वेळा लागली. ट्रायलच्या आधी आणि ट्रायलमध्ये औषधांचे डोस बदलू नयेत. प्रेगाबालिन त्याच आठवड्यात वाढवलं तर गुण कशाचा ते देवालाच माहीत.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. लीड सरकते ती बहुधा खाली, आणि बहुधा घरी. 'वाकू नका' एवढं सांगून भागत नाही, कारण आपल्याकडे वाकणं कुठे कुठे असतं हे रुग्णाच्या लक्षात येत नाही. उकिडवं बसायचा संडास (कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवायला सांगा), मांडी घालून जेवण, देवापुढे वाकून नमस्कार, बादली उचलणं, कपडे पिळणं, वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंच करणं. दुचाकी पूर्ण बंद. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्यात घामाने ड्रेसिंगच्या कडा सुटतात. तारेला एक सैल वेढा देऊन तो दुसऱ्या चिकटपट्टीखाली ठेवा, म्हणजे ओढ बसली तरी ती वेढ्यावर बसेल.

सरकली का हे ओळखायला सोपी खूण आहे. काल पावलात येणाऱ्या मुंग्या आज पोटात किंवा भलत्याच पायात येत असतील तर लीड हलली. पण उताणं झोपल्यावर मुंग्या जोरात आणि उभं राहिल्यावर मंद, हे सरकणं नव्हे. उताणं झोपल्यावर मज्जारज्जू लीडच्या जवळ येतो म्हणून तसं होतं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण पहिल्याच रात्री घाबरून यंत्र बंद करतो आणि ट्रायलचा एक दिवस वाया जातो.

---

पुरावा_आधी

वरच्या दोघांनी सांगितलेलं सगळं करा. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की ट्रायलचा 'नाही' बराच विश्वासाचा आहे, 'हो' मात्र कच्चा आहे.

इंग्लंडमधल्या ट्रायल-स्टिम या अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले: एकाला आधी ट्रायल, दुसऱ्याला थेट कायमचं यंत्र. सहा महिन्यांनी ट्रायल गटाचा निकाल सरस निघाला नाही. ट्रायलची संवेदनक्षमता १०० टक्के आली, विशिष्टता फक्त ८ टक्के. म्हणजे पुढे ज्यांना फायदा झाला त्यातलं कोणी चुकून गळलं नाही, पण ज्यांना फायदा होणार नव्हता त्यातल्या बहुतेकांना ट्रायलने अडवलंच नाही. अभ्यास लहान आहे, आकड्यांची अनिश्चितता मोठी आहे, तरी दिशा स्पष्ट आहे.

त्याला जोडून नॉर्वेतला २०२२चा अभ्यास पाहा. ५० रुग्ण, सगळे दोन आठवड्यांच्या ट्रायलमध्ये 'पास' झालेले. यंत्र बसवल्यावर तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांमध्ये बर्स्ट पद्धतीचं (करंट झटक्यांच्या पुंजक्यांनी देणारं) स्टिम्युलेशन आणि नुसतं बंद यंत्र आलटून पालटून, रुग्णाला न कळता. अपंगत्वाचा निर्देशांक बर्स्टने १०.६ गुणांनी सुधारला आणि बंद यंत्राने ९.३ने. फरक नगण्य. त्यांनी वापरलेली बर्स्टची मांडणी नेहमीची नव्हती, करंट कमी होता, हे आक्षेप रास्त आहेत. पण बंद यंत्रावर ९ गुण मिळतात हे आक्षेपांनी पुसलं जात नाही. ट्रायलमधल्या 'बरंय'मध्ये हा वाटा असतोच.

दुसरी बाजूही मांडतो. २००७च्या प्रोसेस अभ्यासात, नेमक्या तुमच्या रुग्णासारख्या १०० जणांमध्ये, सहा महिन्यांनी पायाच्या दुखण्यात निम्म्याहून जास्त आराम स्टिम्युलेटर गटात ४८ टक्क्यांना आणि नुसत्या औषधोपचारात ९ टक्क्यांना होता. फरक मोठा आहे, पण तिथे कोणापासून काही लपवलेलं नव्हतं. मुंग्या आणणाऱ्या पद्धतीत लपवणं शक्यही नसतं. १९६५मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी गेट कंट्रोलची (स्पर्शाचे संदेश दुखण्याच्या संदेशांना मज्जारज्जूतच अडवू शकतात ही) कल्पना मांडली आणि दोनच वर्षांत शीली यांनी पहिलं यंत्र बसवलं. खरी आंधळी (यंत्र चालू की बंद हे रुग्णाला न कळणारी) चाचणी करता येऊ लागली ती कितीतरी वर्षांनी, मुंग्या न आणणाऱ्या पद्धती आल्यावर.

म्हणून माझं मत: मुंग्याविरहित पद्धत वापरत असाल तर ट्रायलमध्येच एक बंद काळ ठेवा. आधी लेखी संमती घ्या की 'या दिवसांत काही वेळ यंत्र बंद असेल, कधी ते तुम्हाला आणि नोंद घेणाऱ्याला सांगणार नाही.' प्रोग्रॅम बदलणारा वेगळा, आकडा विचारणारा वेगळा. दर तासाला चालू-बंद करून काही कळत नाही. १० किलोहर्ट्झचा परिणाम यायला आणि ओसरायला काही तास ते दिवस लागतो, म्हणून बंद काळ किमान २४ तास, शक्य तर ४८. ही सर्रास चालणारी रीत नाही. तरी बंद दिवशीही आकडा ३च राहिला तर कायमच्या यंत्राची घाई कोणी करू नये असं मला वाटतं.

---

कंबर_ते_टाच

आभारी आहे. म्हणजे आधी ७ दिवस नोंद, मग ७ दिवस लीड, त्यातले २ बंद. मधुमेहामुळे ७ दिवस जास्त होतील का? आणि घरी पाठवताना कुठल्या खुणांवर लगेच परत बोलवायचं?

---

सीआर्म_आणि_सुई

लीड त्वचेतून बाहेर आलेली असते आणि दर दिवसागणिक जंतूंची वाट मोठी होते. साखर आटोक्यात नसेल तर ट्रायल पुढे ढकला, आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) खाली आणा. आटोक्यात असेल तर ७ दिवस चालतील, त्यापुढे नको. युरोपात काही ठिकाणी दोन-चार आठवडे ठेवतात, या रुग्णात तो मोह टाळा. ड्रेसिंग कोरडं असेल तर रोज उघडू नका, उघडण्यानेच जंतू जातात.

परत बोलवायच्या खुणा कागदावर मराठीत लिहून द्या, घरातल्या दोघांना वाचून दाखवा. पायात नव्याने अशक्तपणा, लघवी अडणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, पाठीत अचानक वाढत जाणारी कळ: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी निघायचं. एपिड्युरल रक्तगाठीत दाब काढायला मिळणारा वेळ तासांत मोजतात. तात्पुरती लीड आत असताना एमआरआयला नेऊ नका, आधी लीडचं काय करायचं ते न्यूरोसर्जनशी बोलून ठरवा. ताप, मान आखडणं, ड्रेसिंगखालून पू आला तर लीड काढायचीच, 'अजून दोनच दिवस राहिलेत' म्हणून थांबायचं नाही. उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, हे ड्युराला भोक पडल्याचं लक्षण. ते ट्रायलचे आकडेही बिघडवतं, तसं नोंदीत लिहा.

सरकल्याची शंका आली तर क्रम असा: आधी बॅटरी आणि जोडणी, मग इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा). एखाद्याच संपर्काचा (लीडवरच्या करंट देणाऱ्या कड्याचा) फार वाढलेला असेल तर तार तुटली किंवा जोडणी सैल झाली. सगळे ठीक असतील तर साधा एक्स-रे, पहिल्या दिवशीच्या सी-आर्म चित्राशेजारी ठेवून. म्हणून पहिल्या दिवशी समोरचं आणि बाजूचं, दोन्ही चित्रं जपून ठेवा. एखादा संपर्क खाली आला असेल तर वरचा संपर्क वापरून प्रोग्रॅम पुन्हा लावता येतो. दोन मणके खाली आली असेल तर त्या ट्रायलला 'अपयश' म्हणू नका, 'अपूर्ण' लिहा.

काढताना रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवा. टाका कापा, हळू सरळ ओढा. अडली तर कुस बदला, जोर लावू नका. बाहेर आल्यावर लीडचे आठही संपर्क मोजा, टोक अखंड आहे का पाहा आणि तसं फाइलवर लिहा.