कॉन्टेसाच्या 1.8 पेट्रोल इंजिनात डिझेलचा क्रँक बसेल का?

आर्वीकर: आमच्या घरी इसुझूचे 1.8 लिटर पेट्रोल इंजिन असलेली कॉन्टेसा क्लासिक आहे. ऑइल जळू लागल्याने इंजिन खोलायचेच आहे, तर डिझेलचा क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल फिरण्यात बदलणारा दांडा) घालून स्ट्रोकही (पिस्टनच्या चालीचा पल्ला) वाढवावा असा विचार आहे. तिचा बोर (सिलिंडरचा व्यास) 84 मिमी व स्ट्रोक 82 मिमी, आणि अँबेसेडरमध्ये आलेल्या इसुझूच्या 2 लिटर डिझेलचा बोरही 84च, पण स्ट्रोक 90. म्हणजे 1817 चे 1995 सीसी व्हायला हवे. नागपूरला काम देण्याआधी काय तपासावे?

जुना मिस्त्री: भाऊ, हिशेब बरोबर आहे, परंतु बोर जुळला म्हणून क्रँक जुळेल असे नाही. दोन्ही क्रँक शेजारी ठेवून मेन आणि रॉड जर्नलचे (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग; मेन ब्लॉकमध्ये, तर रॉड जर्नल पिस्टनला जोडणाऱ्या रॉडमध्ये) व्यास मायक्रोमीटरने मोजा. थ्रस्ट बेअरिंगची (क्रँक पुढे-मागे सरकू न देणारे) जागा व फ्लायव्हीलची फ्लँजही पाहा. खरी अडचण इंजिनाच्या वरच्या भागात आहे. स्ट्रोक 8 मिमीने वाढला की तोच रॉड आणि तोच पिस्टन ठेवल्यास पिस्टन वरच्या टोकाला 4 मिमी जास्त चढतो, म्हणून गजनपिनचे (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) छिद्र तितके वर असलेला पिस्टन किंवा तितकाच आखूड रॉड शोधावा लागतो. हेडखाली (सिलिंडरवरचे झाकण) जाड गॅस्केट घालून निभावून नेऊ, असे कोणी सांगितले तर त्याच्याकडे काम देऊ नका. शिवाय हेडमधली जागा तीच राहिल्यास कॉम्प्रेशन (पेट्रोल-हवेचे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) वाढते. समजा ते 8.5 होते, तर साधारण 9.2 होईल, आणि 91 ऑक्टेनच्या पेट्रोलवर आपल्याकडच्या मे महिन्यात इंजिन नॉक करू लागेल (मिश्रण आपोआप पेटून ठकठक होईल).

परतवाडा: अमेरिकेत शेवरलेच्या 350 क्यूबिक इंच ब्लॉकमध्ये 400 क्यूबिक इंच इंजिनाचा 3.75 इंच स्ट्रोकचा क्रँक घालून 383 क्यूबिक इंच करतात, तिथेही एकाच घराण्यातली इंजिने असूनही त्या क्रँकची मेन जर्नल 2.65 वरून 2.45 इंचांवर ग्राइंड करावी लागतात. जुळवणी करताना पिस्टनच्या डोक्यावर खेळण्यातल्या मातीचे गोळे ठेवा, हेड जुन्या गॅस्केटसह कसा, हाताने क्रँक दोन फेरे फिरवा आणि माती कापून जाडी मोजा. व्हॉल्व्हसाठी किती जागा उरते ते तिथेच कळते. खाली रॉडचे बोल्ट ब्लॉकला किंवा ऑइल चेंबरला घासत नाहीत ना, हेही त्याच वेळी बघा. फायदा मुख्यतः कमी आरपीएमवरच्या ओढीत मिळेल, चिखलदऱ्याचा घाट चढताना तो जाणवेल. कार्ब्युरेटर व हेड तसेच ठेवून वेग वाढण्याची आशा मात्र धरू नका.

आर्वीकर: पिस्टनचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आरटीओचे काय?

जुना मिस्त्री: आरसीवर (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) सीसी नोंदलेली असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे त्या नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. त्यामुळे क्रँक विकत घेण्याआधी वर्ध्याच्या कार्यालयात विचारून घ्या. परवानगी मिळणार नसेल, तर मूळ क्रँकच ठेवून ओव्हरसाइज पिस्टन टाका आणि उरलेले पैसे रेडिएटरवर खर्च करा.