समुद्री शेवाळाचा अर्क बोटीच्या तळाला: तांब्याला पर्याय की प्रयोगशाळेपुरता?

खारफुटी:
बोटीच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून बसणारे कवचधारी जीव) बसू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. त्यातल्या टीबीटी म्हणजे ट्रायब्युटिल टिनच्या रंगांनी फ्रान्समधल्या आर्काशॉं खाडीत कालवांची वाट लावली, म्हणून २००१ साली त्यांवर बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ मध्ये तो लागू झाला. त्याची जागा तांब्याने घेतली. या रंगांत अनेकदा वजनाच्या ४० टक्के किंवा त्याहूनही जास्त क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग असतं, आणि ते झिरपून बंदराच्या गाळात साचतं.
ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं डेलिसिया पुल्क्रा हे लाल शेवाळ स्वतःला स्वच्छ कसं ठेवतं पाहा. त्याच्या ग्रंथिपेशींतले ब्रोमिनयुक्त फ्युरॅनोन नावाचे रेणू पृष्ठभागावर येतात आणि जिवाणूंचे एकमेकांना जाणारे रासायनिक संकेत अडवतात, बार्नेकलच्या अळ्यांनाही बसू देत नाहीत. मारण्यापेक्षा बसूच न देणं, ही दिशा योग्य आहे असं माझं ठाम मत आहे.

रंगशाळा:
दिशा मान्य, पण हिशेब करा. ४० चौरस मीटर तळ, सुकलेला थर २०० मायक्रॉन, म्हणजे ८ लिटर थर. त्यात ५ टक्के शुद्ध संयुग धरलं तर साधारण ४०० ग्रॅम लागेल. सुक्या शेवाळातून ०.१ टक्का निघतं असं धरलं तरी ४०० किलो सुकं, म्हणजे तीन टनांहून जास्त ओलं शेवाळ, आणि तेही एका बोटीला! आपल्याकडच्या सारगॅसम या तपकिरी शेवाळाचा अर्क घ्यायचा म्हटलं, तर त्याची कुरणं माशांच्या पिलांचा आसरा आहेत. ती कापून पर्यावरणस्नेही रंग करायचा?

खारफुटी:
कुरणं कापायला कोण सांगतंय? फ्युरॅनोन कारखान्यात बनवता येतात. शेवाळाकडून रेणूची रचना घ्यायची, माल नव्हे.

रंगशाळा:
मग 'नैसर्गिक' हे लेबल काढा. युरोपच्या जीवनाशक रसायनांबाबतच्या ५२८/२०१२ नियमाखाली रेणू शेवाळातला असो वा कारखान्यातला, विषारीपणाची कागदपत्रं द्यावीच लागतात. आणि खरा प्रश्न झिरपण्याचा आहे. तपकिरी शेवाळातल्या फ्लोरोटॅनिनसारखी पाण्यात विरघळणारी संयुगं सुरुवातीलाच भसाभस निघून जातात, पुढे थर मोकळा. कच्च्या अर्कातल्या साखरा आणि अल्जिनेट हा चिकट पदार्थ पाणी शोषतात, थर फुगतो, फोड येतात, वर जिवाणूंना खाद्य मिळतं. शेवाळ दूर ठेवायला लावलेल्या रंगावरच चिकट थर धरतो.

पट्टीचाचणी:
यातलं बरंच तयारीत सुधारतं. शेवाळ गोड्या पाण्यात भरभर धुवा, सावलीत वाळवा, ४० अंशांच्या आत. मिथेनॉलमध्ये अर्क काढून आटवा, मग पाणी व इथाइल ॲसिटेटमध्ये वेगळं करा. साखरा पाण्यात उतरतात, उपयोगी भाग बहुधा इथाइल ॲसिटेटच्या वरच्या थरात राहतो. रंगात अर्क शेवटी, रंगद्रव्याचं दळण थंड झाल्यावर मिसळा, कारण दळताना तापमान सहज वाढतं.
चाचणीसाठी रंगवलेल्या पट्ट्या समुद्रात बुडवून ठेवतात, त्यात तुलनेची पट्टी मात्र विसरू नका. तोच रंग अर्काविना, तोच रंग फक्त द्रावक घालून, आणि नेहमीचा तांब्याचा, प्रत्येकी किमान तीन पट्ट्या, एक मीटर खोल, उभ्या. कोकणात पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, बार्नेकल कमी बसतात आणि कुठलाही रंग चांगला दिसतो. म्हणून ऑक्टोबरात टाका.

खारफुटी:
आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोटी वर ओढल्या जातातच. जहाजासारखं पाच वर्षं टिकायला नको, दहा महिने पुरेत. सिलिकॉनचे निसरडे रंग मंद चालीच्या बोटीवर स्वतःहून साफ होत नाहीत, म्हणून शेवाळी अर्काला इथेच वाव आहे.

रंगशाळा:
फायबरच्या होडीला असेल. लाकडी बोटीत तांबं बार्नेकलबरोबर लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोलाही रोखतं. तुमचा अर्क बार्नेकलच्या अळीला बसू देत नाही हे सांगितलंत, पण टेरेडोवर त्याची चाचणी कुठे आहे? ती होईपर्यंत लाकडी तळावर प्रयोग करू नका, फळ्याच जातील.

पट्टीचाचणी:
हे बरोबर. लाकडाची पट्टी स्वतंत्र टाका, आणि बाहेरून स्वच्छ दिसली तरी ती उभी चिरून पाहा. टेरेडोचं भोक वरून टाचणीच्या टोकाएवढंच दिसतं.