गाडीच्या पाट्याची छिन्नी पाणी देऊनही मऊच राहतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरामागच्या शेडमध्ये हौस म्हणून लोहारकाम शिकतोय. शेजारी उभं राहून दाखवणारं कोणी नाही, व्हिडिओ बघायचे आणि हातोडा मारत राहायचं असं चाललंय. साधं लोखंड आता बऱ्यापैकी हाताखाली आलंय, टोक काढणं, वाकवणं, पीळ देणं, भोक पाडणं जमतं, एक सांडशी बनवली ती रोज वापरतोय. आता पुढची पायरी म्हणून स्वतःची हत्यारं स्वतः करायची ठरवली, आधी थंड लोखंड तोडायची छिन्नी आणि मग पोगर (भोक पाडायचं हत्यार), आणि तिथेच घोडं अडलंय.

माल म्हणजे गाडीच्या पाट्याचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, तुकडा. ग्राइंडरने उभी पट्टी कापून घेतली. घडवताना काही त्रास नाही, फक्त साध्या लोखंडापेक्षा हातोड्याखाली बराच चिवट लागतो. आकार छान आला. मग पाणी द्यायला, म्हणजे लाल तापवून पटकन गार करून कडक करायला, भट्टीत तापवली, मधेमधे चुंबक लावून बघत होतो, आणि चुंबक धरेनासं झालं की लगेच बाहेर काढून तेलात बुडवली. गार झाल्यावर कानस लावली तर कानस आरामात खातेय. पुन्हा तापवली, पुन्हा बुडवली, तेच. फक्त धारेच्या एका कोपऱ्यावर, जिथे आधी ग्राइंडर जरा जास्त फिरला होता, तिथे कानस घसरते आणि करकर आवाज येतो. बाकी सगळीकडे मऊ.

भट्टी म्हणजे मातीने भरलेली पेटी, मधे खळगा, एका बाजूने लोखंडी पाइपातून छोट्या ब्लोअरची हवा. कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचा. तेल साधं वनस्पती तेल, गार, लोखंडी डब्यात. काम बहुतेक दुपारी करतो, शेडच्या दोन बाजू उघड्या आहेत त्यामुळे उजेड भरपूर.

मला विचारायचंय ते असं की हा पाटा मुळात कडक होणाऱ्या पोलादाचा नाहीच का, का माझी उष्णता कमी पडतेय, का तेल चुकीचं आहे? आणि तेलाऐवजी पाण्यात बुडवून बघू का? सगळीकडे वेगवेगळं सांगतात, कोणी म्हणतं चुंबक सुटलं की झालं, कोणी म्हणतं चेरीसारखा लाल रंग हवा, आता तो चेरी लाल दुपारच्या उजेडात नेमका कसा ओळखायचा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा, या छिन्नीत जीव अडकलाय.

प्रतिसाद:

पाण्यात अजिबात बुडवू नका, हे आधी सांगते. पाट्याच्या पोलादात क्रोमियम किंवा सिलिकॉनसारखी भर असते, ते तेलातच पुरेसं कडक होतं, पाण्यात घातलंत तर तडकायचीच शक्यता जास्त.

पोलाद बहुतेक बरोबरच आहे. पाट्याला साधारण ५१६० नावाचं किंवा त्याच्या जवळचं पोलाद वापरतात, त्यात ०.६ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि तेवढा कडक व्हायला भरपूर झाला. साध्या लोखंडात पाव टक्क्याच्या आतच असतो म्हणून ते कितीही तापवून बुडवलं तरी कडक होत नाही. तरीही भंगारातल्या मालाचं शंभर टक्के सांगता येत नाही, त्याची परीक्षा खाली सांगते.

तुमच्या वर्णनातला तो कोपरा सगळ्यात महत्त्वाचा आहे. जिथे ग्राइंडर जास्त लागला तिथेच कानस घसरतेय, म्हणजे आतलं पोलाद कडक झालंय, मऊ आहे ती वरची साल. लोखंड भट्टीत तापत असताना पृष्ठभागातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनने जळून जातो, जितका वेळ जास्त आणि हवा जास्त तितकी ही साल जाड. घडवताना तुम्ही ती पट्टी कितीतरी वेळा तापवली असणार. आता कानस त्या सालीवर चालवली की खाणारच. म्हणून आधी सगळ्या बाजूंनी ०.३ ते ०.५ मिलिमीटर घासून काढा, घासताना मधेमधे पाण्यात गार करत राहा कारण ग्राइंडरने रंग चढला तर तिथलं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा कमी होतो, आणि मग कानस लावून बघा. यापुढे घडवताना धारेला जरा जाडी शिल्लक ठेवा म्हणजे शेवटी घासायला माल उरतो.

दुसरं उष्णतेचं. चुंबक ७७० अंश सेल्सियसला सुटतं, ते लोखंडाचं अंगचं वागणं आहे, त्याचा अर्थ पोलाद पाणी द्यायला तयार झालं असा नाही. ५१६० ला साधारण ८१५ ते ८४५ पर्यंत न्यावं लागतं आणि तिथे थोडा वेळ धरावं लागतं म्हणजे आतला कार्बन नीट विरघळतो. तुम्ही चुंबक सुटल्या क्षणी काढताय, वर भट्टीपासून तेलापर्यंत जाताना पातळ धार आणखी गार होते. चुंबक सुटल्यावर रंग अजून एक छटा वर जाऊ द्या आणि शक्य असेल तर दोनतीन मिनिटं तिथेच ठेवा.

रंगाबद्दल म्हणाल तर दुपारच्या उजेडात कोणालाच नीट ओळखता येत नाही. उन्हात जे मंद लाल दिसतं तेच अंधारात चक्क केशरी दिसतं. घडवायचं काम दिवसा करा, पाणी द्यायचं काम अंधार पडल्यावर, दिवे बंद करून. एकदा मुद्दाम बघा, पट्टी हळूहळू तापू द्या, एका टप्प्यावर लाल झालेल्या पोलादात काळसर सावल्या सरकताना दिसतील, आतली रचना बदलताना ते उष्णता शोषून घेतं म्हणून तेवढा भाग मागे पडतो. सावल्या पूर्ण गेल्या आणि रंग एकसारखा झाला की बदल पूर्ण. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की चेरी वगैरे शब्दांची गरजच उरत नाही. मला तर अजूनही दर वेळी ते बघायला आवडतं.

आणखी एक सोपी खूण म्हणजे मीठ. साधं मीठ ८०१ अंशाला वितळतं. तापलेल्या पट्टीवर दोन दाणे टाका, नुसते बसून राहिले तर उष्णता कमी आहे, वितळून ओले होऊन पसरले की ८०१ च्या वर गेलात.

आता परीक्षा. त्याच पाट्याच्या बोटभर लांबीच्या तीनचार पातळ पट्ट्या कापा, प्रत्येकीला मधे ग्राइंडरने खाच करा. एक चुंबक सुटताच बुडवा, एक मीठ वितळल्यावर, एक मुद्दाम जास्त केशरी करून. गार झाल्या की व्हाइसमध्ये धरून, वर जाड कापड टाकून आणि गॉगल लावून हातोडीने मोडा. नुसती वाकली तर कडक झालीच नाही. मोडली तर मोड बघा, साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर जास्त तापलं, बारीक राखाडी एकसारखा मोड दिसला तर तीच उष्णता तुमच्या छिन्नीची. एकही पट्टी मोडत नसेल, सगळ्या वाकत असतील, तर मग माल बदला.

तेलाचं: गार तेल घट्ट असतं, उष्णता सावकाश ओढतं. एखादा लोखंडी तुकडा तापवून तेलात बुडवा आणि ते ५० ते ६० अंशांवर आणा, पातळ झालं की काम जलद होतं. डबा उभट आणि लोखंडीच, झाकण हाताशी.

प्रतिसाद:

ताईंनी बरंचसं सांगितलंच आहे, मी थोडी भर घालतो.

छिन्नी पूर्ण बुडवा, अर्धी बाहेर ठेवून धरलीत तर तेलाच्या पृष्ठभागावर भडका उठतो. आत गेल्यावर वरखाली हलवा, आडवी हलवू नका, वाकते. भडका उठलाच तर झाकण टाकायचं, पाणी कधीही नाही. जुनं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर चांगला नसतो.

बाजूने हवा मारणाऱ्या भट्टीत लोणारी कोळशाला फार हवा लागत नाही. ब्लोअर जोरात असेल तर न जळलेला ऑक्सिजन थेट पट्टीवर जातो आणि ताई म्हणतात ती साल जाड होते. हवेच्या तोंडापेक्षा पट्टी बरीच वर ठेवा, खाली आणि वर कोळशाचा जाड थर हवा. पाणी द्यायच्या वेळी एक साधा जाड लोखंडी पाइप निखाऱ्यात आडवा ठेवून त्याच्या आत छिन्नी ठेवा, उष्णता सगळीकडे सारखी लागते आणि हवेचा झोत अंगावर येत नाही. फक्त पाइप जस्ताचा मुलामा असलेला नको, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. भट्टीच्या हवेच्या पाइपालाही हेच लागू.

शेड दोन बाजूंनी उघडी आहे ते उत्तम, पण थंडीपावसात कोणी पडदे लावून बंद करून काम करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नाही, डोकं जड व्हायला लागेपर्यंत कळत नाही. एक डिटेक्टर लावून टाका.

धागाकर्ता:

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बसलो.

सगळ्यात आधी आहे तीच छिन्नी घासली, आणि खरंच, साल निघाल्यावर धारेच्या जवळजवळ अर्ध्या भागात कानस घसरायला लागली. उरलेला भाग अजून मऊ होता म्हणजे उष्णताही कमी पडत होती. मग पट्ट्या मोडून बघितल्या. चुंबक सुटताच बुडवलेली वाकली आणि बऱ्याच उशिरा मोडली, मीठवाली कट्कन मोडली आणि मोड एकदम बारीक, जास्त तापवलेलीचे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसलो, एवढं वाचून जे कळलं नव्हतं ते समोर दिसत होतं. सावल्याही दिसल्या, आधी वाटलं कोळशाचीच सावली पडतेय, पण पट्टी बाहेर धरली तरी होत्या.

नंतर पाइपात ठेवून छिन्नी तापवली, ब्लोअर अगदी मंद, तेल कोमट करून बुडवली. आता कानस सगळीकडे घसरतेय. पण अजून पाणी उतरवलेलं नाही, म्हणजे मंद तापवून ठिसूळपणा कमी केलेला नाही, आणि या अवस्थेत वापरली तर धार उडेल एवढं माहीत आहे. थंड लोखंड तोडायच्या छिन्नीला कुठल्या रंगापर्यंत उतरवू? आणि मागचं टोक, ज्यावर हातोडा बसतो, तेही आता कडक झालंय, त्याचं काय?

प्रतिसाद:

वा, फार छान. आता एक करा, पाणी उतरवायचं काम आजच उरकून घ्या, नुसतं कडक केलेलं पोलाद तसंच ठेवलं तर आतल्या ताणाने आपोआप तडकू शकतं.

धारेकडचा भाग पॉलिश पेपरने पांढरा चकचकीत करा म्हणजे रंग दिसतील. मग एक जाड लोखंडी ठोकळा लाल तापवून त्यावर छिन्नीचं मागचं टोक टेकवा, धार बाहेर लांब हवेत. उष्णता मागून पुढे येईल आणि रंग ओळीने सरकताना दिसतील, आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. फिकट पिवळा २२० अंशांच्या आसपास, निळा ३०० च्या आसपास. तुमच्या धारेवर जांभळा पोचला की तिथेच थांबा, लगेच बुडवून गार करा. घाई नको, रंग हळू सरकले पाहिजेत, फार जलद पळत असतील तर ठोकळ्यावरून जरा उचलून धरा. समाधान नाही झालं तर पुन्हा चकचकीत करून परत तेवढ्याच रंगापर्यंत न्या, दोनदा केलेलं चांगलंच.

मागच्या टोकाची चिंता याच पद्धतीत मिटते, ते ठोकळ्याला टेकलेलं असल्यामुळे निळ्याच्याही पुढे जाऊन राखाडी होतं आणि मऊ पडतं. ते तसंच मऊ हवं, कारण कडक टोकावर कडक हातोडा बसला तर कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. वापरून वापरून त्या टोकाच्या कडा बाहेर पसरल्या की दर वेळी ग्राइंडरने घासून साफ करायच्या, तशाच ठेवून काम करायचं नाही.

पोगराला हीच पद्धत, फक्त तो तापलेल्या लोखंडात वापरणार असाल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. लाल लोखंडाला लागून त्याचं पाणी तसंही उतरतं, तेव्हा घडवून झाल्यावर हवेत सावकाश गार होऊ द्या आणि कामाला लागा. दोनतीन ठोके मारले की पोगर पाण्यात बुडवून गार करा, त्याच्या आधी त्याचं टोक लाल होऊ देऊ नका, नाहीतर पोगर पसरून भोकातच अडकतो.