किलोवर विकणारे आम्ही खुळे आणि गोष्ट सांगणारे शहाणे?

उद्यमबाग_ओतारी
काल सगळ्या ग्रुपांवर एका बिझनेस कोचची पोस्ट फिरली. सार असं: गिऱ्हाईक मोजतो तेवढीच व्हॅल्यू, बाकी सगळा खर्च. बेळगावचा उद्योजक माल किलोवर विकतो कारण त्याला स्वतःची किंमत सांगता येत नाही. प्राडानं (इटलीची फॅशन कंपनी) बघा, कोल्हापुरी चप्पल उचलली, तिची गोष्ट सांगितली आणि एका जोडाला ८०० युरो लावले. खाली शंभरेक अंगठे, त्यात आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली आपलीच पोरं. म्हणून लिहायला बसलो.

किलोचा रेट आम्ही फाउंड्रीवाल्यांनी काढलेला नाही. कास्टिंगचा (ओतीव पार्टचा) भाव किलोवर असतो कारण खरेदीवाल्याला तो तपासायला सोपा पडतो. त्याचा परिणाम काय होतो ते ऐका. समजा १२ किलोची हाउसिंग (पार्टचं बाहेरचं कवच) आहे आणि रेट किलोला १०० रुपये. पॅटर्न (साच्याचा नमुना) सुधारून, नको तिथली जाडी काढून ती मी १०.५ किलोत बसवली. ताकद तीच, मशीनिंग कमी, गिऱ्हाइकाची गाडी हलकी. मला मिळायचे १२००, आता १०५०. धातू आणि वीज धरून किलोमागे ६० वाचले म्हणा, म्हणजे दीड किलोला ९०. मोल्डिंग, कोअर, फेटलिंग (साचा, आतली पोकळी, घासून साफ करणं) यांचा खर्च तेवढाच. नगामागे ६० रुपयांचा खड्डा माझ्या खिशाला. डोकं मी चालवलं, फायदा त्याच्या ताळेबंदात गेला.

आता उलटं बघा. त्यांच्या मशीनवर चढवल्यावर ब्लोहोल (ओतताना आत राहिलेलं हवेचं भोक) उघडा पडला की डेबिट नोट येते. तिच्यात कास्टिंगचे पैसे कापतात, वर त्यांनी केलेल्या मशीनिंगचेही कापतात. विकत घेताना लोखंडाचं वजन धरायचं आणि नुकसान भरून घेताना पूर्ण पार्टची किंमत. पेमेंट ९० दिवसांनी. तोवर माझ्या ओव्हरड्राफ्टवर त्याचा कारखाना चालतो आणि वार्षिक अहवालात त्याचं खेळतं भांडवल कसं आटोक्यात आहे ते छापून येतं.

किंमत तयार कोण करतो आणि मोजायची रीत कोण ठरवतो, हे दोन वेगळे लोक आहेत. कोचच्या पोस्टमध्ये रीत ठरवणाऱ्याचा पत्ताच नाही.

टिळकवाडी_सीए
दादा, राग कळतो, पण कोचचं पहिलं वाक्य चूक नाही. तुम्ही किती घाम गाळला यावर भाव ठरत नाही, घेणारा काय सोडायला तयार आहे यावर ठरतो. माझ्याकडे येणारे निम्मे क्लायंट रेट काढतात तो खर्च अधिक दहा टक्के. समोरच्याचा त्यात किती फायदा होतोय याचा हिशोब कुणी मांडतच नाही.

आणि हिशोबाच्या पुस्तकांचं म्हणाल तर तिथला नियम कडक आहे, आणि असायलाच हवा. स्वतः उभा केलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, दुसऱ्याकडून विकत घेतलेला दाखवता येतो. कामगाराला शिकवलं की तो खर्च. इन्फोसिस एके काळी वार्षिक अहवालात ब्रँडची आणि माणसांची किंमत काढून छापायची, पण जादा माहिती म्हणून, ताळेबंदाच्या बाहेर. कारण तो आकडा पडताळायचा कुणी? प्रत्येकानं आपापली व्हॅल्यू आपणच लिहायची ठरवली तर बँका कर्ज कशावर देणार?

४५ दिवसांत पैसे द्यायचं तर कायद्यातच आहे, २००६ पासून. आता आयकराचा नियम पण लागलाय: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा करता येतो. सरकारी पोर्टलवर तक्रार का टाकत नाही?

उद्यमबाग_ओतारी
तक्रार टाकली की पुढची ऑर्डर कुणाच्या शेडमध्ये जाते ते तुम्ही सांगा. कायदा आहे, तो वापरणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक पण लागतं.

आणि पडताळायचं म्हणताय तर १.५ किलो कमी झालेलं वजन पडताळायला कुठला ऑडिटर लागतो? त्यांच्याच काट्यावर दिसतंय की ओ.

मच्छे_मशीनशॉप
ओतारी, तू गेली कित्येक वर्षं हेच सांगतोस. आम्ही पण रफ कास्टिंगच द्यायचो. मग सेकंड हँड व्हीएमसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) घेतली, बँकेचा हप्ता डोक्यावर घेतला आणि पार्ट पूर्ण मशीन करून द्यायला लागलो. आता पार्ट सरळ त्यांच्या असेंब्ली लाइनवर जातो. रेट नगावर. वजन किती हे कुणी विचारत नाही. ब्लोहोल आमच्याच मशीनवर उघडा पडतो, आमच्याच भट्टीत परत जातो, डेबिट नोटचा विषय संपला. कोचची भाषा मलाही आवडत नाही, पण पुढची पायरी चढायची नाही आणि खालून ओरडायचं, हे बरं नाही.

उद्यमबाग_ओतारी
तुझ्याकडे जागा होती, भावाची साथ होती. आणि नगाच्या रेटवर दर एप्रिलला प्राइस डाउन (भावात कपात) मागत नाहीत काय? कॉस्ट शीट भरून देतोस ना? सायकल टाइम, टूल, वीज, नफा, सगळं उघडं करून? तुझा नफा किती असावा हे कुठल्या रकान्यात कोण लिहितं ते पण सांग इथं.

मच्छे_मशीनशॉप
मागतात. देतो. तरी रफपेक्षा बरं आहे.

चिकोडी_ऊसवाला
तुमचं हलकं कास्टिंग राहू दे बाजूला, आमचं बघा. काटा त्यांचा, लॅब त्यांची, आणि त्यावर भाव ठरतो आमच्या उसाचा. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलला ३५५ रुपये. वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. पण उतारा धरतात अख्ख्या कारखान्याचा सरासरी. मी ठिबक केलं, पाचट कुजवलं, बेणं बदललं, ऊस वेळेत तोडायला हातापाया पडलो. शेजाऱ्यानं तुरा आलेला, वाळलेला ऊस घातला. दोघांना एकच भाव! मग कशाला चांगला ऊस पिकवायचा ओ? वरून तोडणी-वाहतूक कापून हातात काय येतं ते बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर लोक बसले होते ते काय हौसेनं? हातात टनाला ३,५०० मागितले, सरकारनं ३,३०० वर मिटवलं.

साखर_लॅब
वाटच बघत होतो कधी आमच्यावर घसरताय. मी कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो, कुठल्या ते सांगणार नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या गाडीचा वेगळा उतारा काढायचा म्हटलं तर गव्हाणीत (ऊस टाकायच्या पट्ट्यावर) हजारो टन ऊस एकत्र पडतो, तिथं कुणाचा रस कुणाचा कसं ओळखणार? ब्रिक्स आणि पोल (रसातले विरघळलेले घन पदार्थ आणि साखर) आम्ही तासातासाला काढतो, रजिस्टर असतं, तपासणी होते. उठसूट चोर म्हणायचं बंद करा. सीझनमध्ये रात्रपाळ्या करून आम्ही पण पोट भरतो.

चिकोडी_ऊसवाला
चोर कोण म्हटलं? तुझ्याच तोंडातून आलं. माझा प्रश्न काट्याचा आहे. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेली गाडी आत न घेता परत फिरवायचे, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरच्या काट्याचं वजन धरायला कारखान्याला काय अडचण आहे, एवढंच सांग. आणि बी-हेवी मळी (बरीच साखर शिल्लक असलेली) इथेनॉलला वळवली की साखर कमी पडते, उतारा खाली दिसतो, ते कुणाच्या खिशातून?

साखर_लॅब
इथेनॉलला वळवलेली साखर उताऱ्यात परत धरायचा नियम आहे. पूर्ण माहिती घेऊन बोलत जा.

चिकोडी_ऊसवाला
नियम आहे हे मला पण माहीत आहे. धरलेला आकडा गावात कुठल्या फलकावर लावता ते सांग. माझ्या ऊसबिलावर टन, दर आणि कपात एवढंच असतं. उताऱ्याचा रकानाच नाही.

साखर_लॅब
...बिलावर नसतो हे खरं. तो ऑफिसचा विषय, माझा नाही.

टिळकवाडी_सीए
विषय ऊस नव्हता. तरी एक बोलतो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून कित्येक वर्षं किलोला ३१ वर अडकला आणि एफआरपी मात्र वाढत गेली. कारखान्याचा हिशोब पण बघा.

चिकोडी_ऊसवाला
सर, ३१ हा खालचा दर. दुकानात साखर कितीला घेता? आणि मळी, बगॅस, वीज, इथेनॉल हे धरून बोला. माझ्या एका उसातून पाच धंदे चालतात आणि भाव बांधलाय तो साखरेच्या उताऱ्याला.

निपाणीची_लेक
प्राडाचं नाव निघालंच आहे म्हणून बोलते, कारण ते आमच्या घरचं काम आहे आणि इथे त्याच्यावर कुणी बोललंच नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये त्या चपला आल्या तेव्हा ओळख होती नुसती चामडी सँडल. कोल्हापुरीचं नाव नाही, आमचं तर नाहीच. भौगोलिक मानांकन २०१९ मध्येच मिळालंय, आठ जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ओरड झाल्यावर कंपनीनं मान्य केलं. मग डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकारशी (महाराष्ट्र आणि कर्नाटकची सरकारी चर्मोद्योग महामंडळं) करार झाला, दोन्ही राज्यांत मिळून २,००० जोड करायचे. कोच म्हणतात प्राडानं गोष्ट सांगितली. गोष्ट लोकांनी भांडून सांगायला लावली, दादा.

आता कामाचं सांगते. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमवायचं, त्याला आठवडे जातात. तळ पुरुष शिवतात, वादीनं, खिळा नाही. कान (चपलेच्या बाजूच्या पट्ट्या) कापणं, पट्ट्याची वेणी घालणं हे बायकांचं. माझी आई वेणी घालायची तेव्हा मोजदाद जोडीवर व्हायची आणि ती मोजदाद घरातल्या पुरुषाच्या नावावर लिहिली जायची. व्यापारी येऊन तळाला अंगठा दाबून बघायचा, आवाज ऐकायचा आणि भाव सांगायचा. वेणी किती बारीक आहे हे तो बघायचा, पण भावात धरायचा नाही. गिऱ्हाईक मात्र दुकानात चप्पल उचलतं ते वेणी बघूनच.

सीए साहेब म्हणतात घेणारा सोडायला तयार असेल तो भाव. मान्य. पण घेणारा वेणीसाठी जे जादा सोडतो, ते वेणी घालणारीपर्यंत पोचत नाही. मग ते भावाचं गणित झालं की वाटपाचं?

टिळकवाडी_सीए
वाटपाचं. हे मी मान्य करतो, आणि ओतारींचं हलक्या कास्टिंगचं गणितही बरोबर आहे, मी रात्री कागदावर मांडून बघितलं. पण किंमत आणि वाटप एकत्र कालवू नका एवढंच म्हणणं.

काही कंपन्या अहवालात मूल्यवर्धनाचं पत्रक देतात. विक्रीतून बाहेरून घेतलेला माल आणि सेवा वजा करायच्या, राहिलं ते कंपनीनं नवीन तयार केलं. मग ते कामगारांना किती, सरकारला किती, बँकेला किती, मालकाला किती, धंद्यात किती राहिलं. साधं एक पान. नफा-तोट्याच्या पत्रकात पगार खर्च म्हणून येतो, इथं तोच वाटा म्हणून येतो. मला विचाराल तर प्रत्येक फाउंड्रीनं हे काढून ठेवावं.

उद्यमबाग_ओतारी
काढतो. पण माझं कास्टिंग त्या मोठ्या कंपनीच्या पत्रकात कुठं येतं? "बाहेरून घेतलेला माल", वजा करायच्या ओळीत. निपाणीच्या अक्काच्या आईची वेणी पण त्याच ओळीत जाते. एका कंपनीच्या कुंपणापर्यंतच तुमचं पान पोचतं. तयार होतं ते कुंपणाबाहेर.

टिळकवाडी_सीए
पोचत नाही. ते खरं आहे.

मच्छे_मशीनशॉप
सगळं खरं धरलं तरी सोमवारी शेड उघडायचीच आहे. ओतारी, तुझ्या करारात व्हीएव्हीईचं (सुधारणेतून खर्च वाचवायचं) कलम आहे काय? वजन कमी करून दिलं तर बचतीचा निम्मा वाटा पुरवठादाराला, असं?

उद्यमबाग_ओतारी
आहे. पहिल्या वर्षापुरतं. दुसऱ्या वर्षी तोच नवा बेस रेट होतो.

मच्छे_मशीनशॉप
मग सुधारलेलं ड्रॉइंग आधी देऊ नकोस. आधी तीन वर्षांचं कलम लिहून घे, मग पॅटर्न दाखव. माझ्या एका गिऱ्हाइकानं दोन वर्षं मान्य केलीत, तो मसुदा देतो. पण मसुदा मिळाला म्हणून व्हीएमसीचा विचार सोडू नकोस. रफवर तुझं भागणार नाही हे माझं मत कायम आहे.

उद्यमबाग_ओतारी
मसुदा पाठव. व्हीएमसीचं नंतर भांडू.

निपाणीची_लेक
सीए साहेब, एक राहिलं. त्या २,००० जोडांत वेणीची मजुरी किती धरलीय, हे लिडकारकडे माहिती अधिकारात मागता येईल काय? अर्ज कसा लिहायचा सांगा, मी टाकते.

टिळकवाडी_सीए
लिडकार सरकारी महामंडळ आहे, मागता येईल. व्यापारी गुपित म्हणून नकार येऊ शकतो, तेव्हा मजुरीचा दर तेवढाच मागा, कराराची प्रत नको. आज रात्री मसुदा लिहून देतो. कन्नडमध्ये पण करून घ्या.

चिकोडी_ऊसवाला
त्याच अर्जात उताऱ्याचं पण घाला.

टिळकवाडी_सीए
ते वेगळं खातं, अर्ज पण वेगळा. राज्याच्या ऊस विकास आयुक्त आणि साखर संचालकांकडे. कारखान्याचं नाव आणि गळीत हंगाम लिहून पाठवा.