नवीन संगीत शोधायचं कुठे आणि साठवायचं कसं?

उनाड_कान :

मंडळी, आजवर वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या. मी सगळं स्ट्रीमिंगवरच ऐकतो आणि आता असं झालंय की ॲप उघडलं की फिरून फिरून तेच पुढ्यात. एक गाणं चुकून शेवटपर्यंत वाजलं की मग कितीतरी दिवस त्याचीच चुलत-मावस भावंडं येत राहतात. वेगळं म्हणजे खरंच वेगळं, जिथे काही संगीत असेल असं डोक्यातही आलं नव्हतं तिथलं वगैरे, ते काही केल्या समोर येत नाही. त्यात मध्यंतरी प्लेलिस्टमधली काही गाणी करडी पडली, दाबलं तरी ढिम्म, आणि का ते कुठेच लिहिलेलं नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की जे आवडतं ते निदान आपल्याजवळ फाइल म्हणून असावं. एक जुनी हार्ड डिस्क आहे, त्यात बऱ्याच सीड्या कॉपी करून ठेवल्यात, पण निम्म्या फाइलींची नावं 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', एकच अल्बम चार ठिकाणी, कलाकार 'अननोन'. ते फोल्डर उघडायचंच जिवावर येतं.

तर तुम्ही लोक नवीन संगीत शोधता कुठून, विकत घेताना कुठला फॉरमॅट घेता आणि हे सगळं लावून कसं ठेवता? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाच्या दर्जाचा वेडा वगैरे नाही मी, साधे हेडफोन आहेत.

कानसेन :

उनाडराव, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, बाकीचं इथले तंत्रज्ञ सांगतीलच.

ॲपवर रुसून उपयोग नाही. तुमच्यासारखं ऐकणाऱ्या बाकीच्यांनी अजून काय काय ऐकलं, ते मुख्यतः तुमच्यापुढे आणून ठेवायचं, एवढं त्याचं काम. म्हणजे पुष्कळांनी ऐकलेलंच वर येणार. जे मोजक्या लोकांनी ऐकलंय त्याबद्दल त्याच्याकडे माहितीच तुटपुंजी, ते दाखवणार काय कपाळ.

मी जातो श्रेयनामावलीच्या मागे. गायकाचं नाव सगळ्यांनाच ठाऊक असतं, मी बघतो की मागे वाजवलंय कोणी, रेकॉर्ड कुणी केलंय, काढलंय कुठल्या कंपनीनं. डिस्कॉग्ज म्हणून साइट आहे, २००० सालापासून चालू आहे, तिथे लोकांनी स्वतःकडच्या रेकॉर्डी बघून ही सगळी नावं भरलीयत आणि कुठल्याही नावावर क्लिक केलं की त्या माणसानं आयुष्यात कुठे कुठे वाजवलं त्याची यादी येते. उदाहरण म्हणून जॅझ घ्या. नवखा माणूस बहुतेक वेळा माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'पासून सुरुवात करतो आणि बरेचदा तिथेच अडकतो. आता त्यातला बासवाला बघा, पॉल चेंबर्स. त्याच्या नावावर गेलात की १९५७ साली रेकॉर्ड झालेला कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' सापडतो, १९५८ चा सॉनी क्लार्कचा 'कूल स्ट्रटिन' सापडतो आणि १९६१ चा ऑलिव्हर नेल्सनचा 'द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रूथ'. या शेवटच्यात एरिक डॉल्फी नावाचा गृहस्थ सॅक्सोफोन आणि फ्लूट वाजवतो, इतका तऱ्हेवाईक की तुम्ही पॉल चेंबर्सला तिथेच सोडून ह्याच्या मागे लागता. नंतर मग डॉल्फीच्या रेकॉर्डी. बास या वाद्याकडे आपण एरवी लक्षसुद्धा देत नाही, पण ह्या माणसामुळे तुमचा महिना आरामात निघेल.

तसंच लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं. फ्रान्सच्या ब्यूडा म्युझिकनं १९९७ पासून 'एथिओपिक' म्हणून एक मालिका काढलीय, मुख्यतः इथिओपियातल्या १९६० आणि ७० च्या दशकातल्या रेकॉर्डी. चौथा भाग तिथल्या जॅझवाल्या मुलातू अस्तात्के यांचा आहे, तिथून सुरू करा. 'जिथे काही असेल असं वाटलं नव्हतं' म्हणालात ना, घ्या.

रेडिओवेडी :

कानसेन, दंडवत! पण एवढं संशोधन करायचा ज्याला कंटाळा आहे त्यानं काय करायचं? त्यानं रेडिओ लावायचा. माणसानं निवडलेला, मशीननं नाही. फ्रान्सचं फिप १९७१ पासून चालू आहे, त्यावर एका गाण्यानंतर दुसरं कुठल्या देशातून येईल काही सांगता येत नाही आणि निवेदक फार बडबड करत नाहीत हे महत्त्वाचं. लंडनचं एनटीएस आहे, सिएटलचं केईएक्सपी आहे. वाजतंय ते काय हे त्यांच्या साइटवर बघता येतं त्यामुळे फोन स्पीकरला लावून गाणं ओळखायची धडपड करावी लागत नाही. आणि नुसतंच भटकायचं असेल तर रेडिओ गार्डन, पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबायचं की तिथलं स्टेशन सुरू. जाहिरातीच लागतात पुष्कळदा पण परक्या भाषेतल्या जाहिरातीही मी ऐकते, ते असो.

एक सांगते, ऐकलं आणि आवडलं की लगेच विकत घ्यायला धावू नका. मी नाव फक्त एका नोटमध्ये टाकून ठेवते. आठवडाभरानं ती यादी उघडायची आणि ज्या नावासमोर चाल आपोआप डोक्यात वाजते तेवढंच घ्यायचं. बाकी निम्मी नावं तर कशाची होती तेच आठवत नाही, ती सरळ उडवते.

बिटरेट_बंडू :

फॉरमॅटचं मी घेतो.

सीडीचा आवाज म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, सेकंदाला १४११ किलोबिट. मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक हा फॉरमॅट हे सगळं जसंच्या तसं ठेवून फाइल जवळपास निम्म्यावर आणतं, उघडल्यावर एकही बिट इकडचा तिकडे झालेला नसतो. एमपी३ काय करतं तर कानाला ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं तेवढं कायमचं कापून टाकतं, ते परत येत नाही. तासाभराचा अल्बम फ्लॅकमध्ये ३००-४०० एमबी, ३२० च्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ मध्ये १४४ च्या आसपास. एक टीबीच्या डिस्कवर अडीच-तीन हजार अल्बम फ्लॅकमध्ये मावतात, तेवढे ऐकायला तरी होणारेत का आपले, तेव्हा जागा वाचवायचं कारण आता उरलेलं नाही.

मी फ्लॅक घ्या म्हणतोय ते आवाज भारी येतो म्हणून नाही हं. चांगला ३२० आणि फ्लॅक यातला फरक साध्या हेडफोनवर मलाही कळत नाही. पण फ्लॅक जवळ असलं की उद्या फोनसाठी ओपस (लहान फाइलीचा फॉरमॅट) करा, गाडीसाठी एमपी३ करा, पुढे कुठला नवा फॉरमॅट आला तर त्यात करा, मूळ प्रत शाबूत. एमपी३ वरून दुसरं काही केलं की दर वेळी आणखी थोडं झिजतं. ॲपलवाल्यांनी अलॅक घ्या, ॲपलचा फॉरमॅट, काम फ्लॅकचंच.

विकत घ्यायला बॅन्डकॅम्प. एकदा घेतलं की फ्लॅक, अलॅक, एमपी३ जे हवं त्यात उतरवून घ्या, फाइलीला कुलूप नाही. आणि तिथे ज्यांनी एखादा अल्बम घेतलाय त्यांचं बाकीचं कलेक्शन बघता येतं, शोधायला ते पण बेस्ट आहे. मार्च २०२० पासून ते काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडतात, तेव्हा घेतलं तर कलाकाराला जास्त मिळतं. फुकट आणि सरळमार्गी हवं असेल तर इंटरनेट आर्काइव्हचं लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह बघा, ज्या बॅन्डनी रेकॉर्डिंगला परवानगी दिलीय त्यांच्या मैफली आहेत, बऱ्याच फ्लॅकमध्ये.

फक्त, घेतल्यावर लगेच उतरवून ठेवा. 'अकाउंटमध्ये आहे की' म्हणून सोडून देऊ नका. मायस्पेसवर २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं, ते २०१९ मध्ये सगळ्यांना कळलं. कोट्यवधी गाणी. ज्यांची स्वतःकडे प्रत नव्हती ते बसले.

खडूस_आजोबा :

फ्लॅक फ्लॅक काय करता. ब्लूटूथवर ऐकणार ना शेवटी? तिथे पाठवताना फोन परत दाबतोच आवाज. जवळ फ्लॅकचा डोंगर आणि कानात तेच. मी सगळं लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या व्ही-झिरो सेटिंगवर ठेवलंय, सरासरी २४५ किलोबिटच्या आसपास पडतं, कुठल्याही डबड्यावर वाजतं, आणि डिस्क साफ करायला घेतली की पोटात गोळा येत नाही. कलेक्शन म्हणजे ऐकायची गोष्ट आहे हो, मोजायची नाही.

बिटरेट_बंडू :

आजोबा, मी आवाजाबद्दल बोललोच नाहीये, वर परत वाचा :) तुमच्या व्ही-झिरोला ऐकण्यापुरता माझा पूर्ण पाठिंबा. पण तुम्ही सीड्या तशाच कपाटात ठेवल्यात ना, म्हणजे तुमची मूळ प्रत तिथे आहे. ज्याच्याकडे फक्त फाइलच आहे त्यानं काय करायचं?

खडूस_आजोबा :

बरं. तेवढं मान्य.

उनाड_कान :

वा, मजा आली. पॉल चेंबर्स लावलाय, आत्ता कूल स्ट्रटिन चालू आहे. बंडूभाऊ, माझ्या त्या जुन्या डिस्कवर थोड्या फ्लॅक फाइली पण निघाल्या, कुठून आल्या देव जाणे. त्या खऱ्या फ्लॅक आहेत की एमपी३ वरून बनवलेल्या ते कळतं का? आणि तो सगळा गुंता सोडवायचा कसा?

बिटरेट_बंडू :

स्पेक नावाचं छोटं प्रोग्रॅम आहे, त्यात फाइल ओढून टाकली की आवाजाचं चित्र दिसतं, जितकं वर तितका बारीक स्वर. खऱ्या सीडीच्या फाइलीत रंग २२ किलोहर्ट्झच्या जवळपास पोचतात. १२८ च्या एमपी३ वरून बनवलेली असेल तर सहसा १६ ला पट्टीनं रेघ मारल्यासारखं कापलेलं दिसतं, ३२० ची २० च्या आसपास. जुनी रेकॉर्डिंग्ज मुळातच वरपर्यंत जात नाहीत, पण तिथे रंग हळूहळू विरतो, सरळ रेघ नसते. रेघ दिसली की संशय घ्यायचा. सीड्या अजून असतील तर सरळ परत रिप करा (संगणकावर उतरवा), विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा. ते ॲक्युरेटरिप या डेटाबेसवर तुमची रिप इतरांनी केलेल्या त्याच सीडीच्या रिपशी ताडून बघतं, जुळली तर निश्चिंत.

सुरेल_घोळ :

गुंता हा माझा प्रांत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा फाइलींना नावं लावणारा प्रोग्रॅम डाउनलोड करा, फुकट आहे. ते गाणं ऐकून त्याचा ठसा काढतं आणि डेटाबेसशी जुळवतं, म्हणजे फाइलीचं नाव 'ट्रॅक ०१' असलं तरी बहुतेकदा ओळखतं. पण म्हणून अख्खी डिस्क त्यात ओतून स्कॅन दाबू नका!! एकच गाणं मूळ अल्बममध्ये असतं, तीन बेस्ट-ऑफ मध्ये असतं, कुठल्यातरी सिनेमाच्या सीडीवर असतं, आणि स्कॅन केलं की एका अल्बमची दहा गाणी पाच अल्बममध्ये विखुरतात आणि मग बसा गोळा करत. आधी मूळ डिस्कची पूर्ण कॉपी काढा आणि कॉपीवरच काम करा. मग एका वेळी एकच फोल्डर घ्यायचं, क्लस्टर करायचं (फाइलींचा अल्बमनुसार गट), लुकअप करायचं (तो गट डेटाबेसमध्ये शोधणं), आणि अल्बम सोनेरी दिसला की म्हणजे सगळे ट्रॅक भरले, मगच सेव्ह. स्कॅन फक्त जिथे काहीच माहिती नाही अशा अनाथ फाइलींसाठी.

टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या गाण्याच्या माहितीत, दोन जागा बघा. एक म्हणजे 'अल्बम आर्टिस्ट'. 'आर्टिस्ट'मध्ये पाहुण्या गायकाचं नाव आलं की काही प्लेअर त्या एका गाण्याचा वेगळा अल्बम करून ठेवतात, म्हणून अल्बम आर्टिस्ट सगळ्या ट्रॅकना एकच हवा. तुमच्याकडे एक अल्बम चार ठिकाणी दिसतोय त्यातला काही भाग हाच असणार, खऱ्या डुप्लिकेट कमीच निघतील बहुतेक. दुसरं साल. १९५० च्या दशकातला अल्बम रीमास्टर होऊन १९९७ ला आला की टॅगमध्ये १९९७ बसतं आणि कालक्रमानं लावलं की कोल्ट्रेन १९९० च्या दशकातल्या बॅन्डच्या शेजारी. पिकार्ड मूळ तारीख वेगळी साठवतं, प्लेअरला ती वापरायला सांगायची.

नावं कुठल्या लिपीत ठेवायची ते एकदाच ठरवा. जपानी, अरबी नावं मूळ लिपीत सुंदर दिसतात पण सर्चमध्ये टाइप कशी करणार? मी रोमनमध्ये ठेवते, पिकार्डमध्ये तसा पर्याय आहे.

एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना आवाज कमी-जास्त होतो त्याला रीप्लेगेन. ते फक्त टॅगमध्ये आकडा लिहितं, मूळ आवाजाला हात लावत नाही. विंडोजवर फूबार२००० मध्ये होतं. अल्बम सलग ऐकणार असाल तर अल्बम गेन (अख्ख्या अल्बमला एकच आकडा) ठेवा, नाहीतर हळू गाणं मुद्दाम हळू ठेवलेलं असतं ते पण बाकीच्यांइतकं मोठं होऊन बसतं.

फोनवर ऐकायला घरच्या जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम टाका. स्वतःचं स्ट्रीमिंग होतं, बाहेर असताना ते फ्लॅकचं ओपस करून पाठवतं. आणि बॅकअप म्हणजे दुसरी डिस्क, तीही जमल्यास दुसऱ्या घरी. क्लाउडशी नुसतं सिंक करून ठेवलंत तर इथे उडवलेलं तिथेही उडतं.

रेडिओवेडी :

सुरेल_घोळ, वाचनखूण साठवली आहे.

अवांतर : रेडिओवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेटींचं पिकार्ड काय करतं? माझ्याकडे ढिगानं आहेत, डेटाबेसमध्ये कुठे असणार त्या.

सुरेल_घोळ :

गाणं कुठे प्रसिद्ध झालेलं असेल आणि कॅसेट ठीक वेगानं चालली असेल तर ओळखतं कधीकधी. वेग इकडचा तिकडे झाला की ठसा जुळत नाही. निवेदकाचा आवाज, मुलाखती वगैरे तर हातानंच भरावं लागणार. मी अशांना अल्बमच्या जागी कार्यक्रमाचं नाव आणि तारीख टाकते, आर्टिस्टच्या जागी स्टेशन, आणि कॅसेटच्या कागदावर जे खरडलेलं असेल त्याचा फोटो कव्हर म्हणून लावते. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं लिहा म्हणजे आपोआप क्रमानं लागतात.

उनाड_कान :

कॉपी लावलीय, सहा तास दाखवतंय. तोवर डॉल्फी. कानसेन, ह्याचं नक्की काय ऐकू? पहिल्याच झटक्यात डोक्यावरून गेला.

कानसेन :

जाणारच. आधी बासवाल्या चार्ल्स मिंगसबरोबरचा डॉल्फी ऐका, तिथे बाकीची मंडळी त्याला जमिनीवर धरून ठेवतात. मग १९६४ चा 'आउट टू लंच'. आणि डिस्कॉग्जवर मिंगसच्या पानावर ढोल (ड्रम्स) कोण बडवतंय ते बघून ठेवा, डॅनी रिचमंड.