अंतराळवस्तीत काळी माती नेली तर प्राणवायू पुरेल का?

प्रश्न (विज्ञान शिक्षक, दारव्हा तालुका): सातवीतल्या एका मुलीने विचारले की, अंतराळस्थानकात शेतातली माती नेऊन गहू पेरला, तर धान्यही मिळेल आणि प्राणवायूही; मग पाण्याचे विघटन करून प्राणवायू काढणाऱ्या यंत्रांचा खटाटोप कशासाठी? जागा आणि वजन ही कारणे मी सांगितली, परंतु तिचे समाधान झाले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (कृषी पदवीधर, पुसद): सर, हा प्रयोग जमिनीवर होऊन गेला आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फियर २’ या बंदिस्त काचगृहात सप्टेंबर १९९१ ते सप्टेंबर १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे आतल्याच शेतीवर राहिली. सुमारे सोळा महिन्यांत तिथल्या हवेतील प्राणवायू जवळपास २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून सोडावा लागला. दोष मातीचाच होता. पिके जोमाने यावीत म्हणून तिच्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर ठेवले होते, आणि ते कुजवणारे जिवाणू प्राणवायू फस्त करत होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत साचला असता तर कारण लगेच कळले असते. पण त्यातला बराचसा आतल्या काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे प्राणवायू जातो कुठे हेच बराच काळ उमगेना.

उत्तर (शेतकरी, दिग्रस): आपण गव्हाचे कुटार गुरांना घालतो. बंद वस्तीत गुरे नसतील, तर त्या कुटाराचे काय करायचे?

उत्तर (कृषी पदवीधर, पुसद): भाऊ, खरी मेख तिथेच आहे. वाढताना झाड जेवढा प्राणवायू देते, जवळपास तेवढाच ते पूर्ण कुजताना परत घेते. म्हणजे दाण्याने दिलेला प्राणवायू तो खाणाऱ्या माणसाच्या श्वासात खर्ची पडतो आणि दाण्याचा हिशेब दाण्यापुरता मिटतो; कुटार कुजवले तर त्याने दिलेला प्राणवायू गेला, आणि ते तसेच सुकवून रचून ठेवले तर त्यात कार्बन अडकून पडतो व पुढच्या पेरणीला कार्बन डायऑक्साइड कमी पडू लागतो. रशियात क्रास्नोयार्स्क येथील ‘बायोस-३’ या बंदिस्त वस्तीत मातीविना गहू घेत, त्यामुळे मातीतले कुजणे टळले. कुटार मात्र तिथेही उरतच होते.

प्रश्नकर्ता: मग यंत्रेच भरवशाची म्हणायची का?

उत्तर (कृषी पदवीधर, पुसद): पूर्णपणे नाही. ज्या पाण्याचे विघटन करून प्राणवायू काढायचा, ते पाणीही लघवीसारख्या वापरलेल्या पाण्यातून यंत्रांनीच परत मिळवावे लागते. भारहीन अवस्थेत हाडे झिजतात, त्यातले कॅल्शियम लघवीत उतरते, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील लघवीपासून पाणी काढणारे यंत्र कॅल्शियम सल्फेटच्या थराने तुंबले होते. त्यावर उपाय शोधत, एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवण्यापर्यंतची मजल २०२३ मध्ये गाठली गेली; उरलेले दोन टक्के आजही पृथ्वीवरूनच न्यावे लागतात.